पुणे विद्यापीठात एमए, एमएस्सीला येताय? आधी कागदं बघा

दरवर्षी एप्रिल-मे आला की गावाकडच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, दादा पुणे विद्यापीठाचा फॉर्म कधी सुटणारे, एन्ट्रन्सला काय वाचू, हॉस्टेल मिळतं का. आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला, नॉन क्रीमी लेयर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, काढला का आणि आधारवरचं नाव मार्कशीटवरच्या नावाशी जुळतं का. त्यांना वाटतं हा विषय टाळतोय. टाळत नाही हो, पण एन्ट्रन्सला मार्क कमी पडले तर माणूस पुढच्या वर्षी परत बसतो, लिस्टमध्ये नाव लागून एका दाखल्यापायी सीट गेली तर ते वर्षभर डोक्यातून जात नाही. म्हणून इथं क्रम तसाच ठेवलाय, ज्या कामाला जास्त दिवस लागतात ते आधी, बाकीचं नंतर.

मी बोलतोय ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडच्या कॅम्पसबद्दल. पण कागदांचा भाग तुम्ही मुंबईला जा, कोल्हापूरला जा नाहीतर नांदेडला, बराचसा तोच राहतो.

आधी हे ठरवा की अर्ज नक्की कुठं करायचाय

पुष्कळ जण म्हणतात "पुणे विद्यापीठात ॲडमिशन घ्यायचंय" आणि त्यांच्या डोक्यात फर्ग्युसन असतं. तर कसंय, विद्यापीठ म्हणजे एक तर कॅम्पसवरची स्वतःची डिपार्टमेंटं, आणि दुसरं म्हणजे पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली संलग्न कॉलेजं. कॅम्पसवरच्या डिपार्टमेंटांना विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. कॉलेजांत एमए, एमएस्सीचं बऱ्याच ठिकाणी बीए, बीएस्सीच्या मार्कांवर मेरिट लागतं, आणि जी कॉलेजं स्वायत्त आहेत त्यांची आपापली प्रोसेस असते, म्हणजे वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळ्या तारखा. एमबीए, एमसीएचं सगळंच वेगळं, ते राज्याच्या सीईटी सेलकडून होतं, विद्यापीठाच्या एन्ट्रन्सची वाट बघत बसलात तर ती गाडी केव्हाच गेलेली असते. आणि जेएनयू, हैदराबाद, बनारस अशा केंद्रीय विद्यापीठांचंही डोक्यात असेल तर त्याला सीयुईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, त्याचे फॉर्म थंडीतच सुटतात.

माझं मत विचाराल तर कॅम्पसचा फॉर्म भरा आणि सोबत दोन कॉलेजांचेही भरा. फॉर्मचे पैसे जातात हे मान्य, पण कॅम्पसवर एका विषयाच्या जागा मोजक्या असतात आणि त्यात कॅटेगरीनुसार वाटण्या होऊन ओपनला किती उरतात ते प्रॉस्पेक्टसमध्ये बघितलं की माणूस आपोआप दुसरा पर्याय शोधायला लागतो.

एक बारीक गोष्ट. सगळी डिपार्टमेंटं मेन कॅम्पसवर नाहीत. जर्नलिझमवाले, तुमचं रानडे इन्स्टिट्यूट फर्ग्युसन रोडला आहे. डॉक्युमेंट व्हेरिफिकेशनला गणेशखिंडच्या गेटवर येऊन रानडे कुठंय विचारणारा एक तरी दरवर्षी भेटतोच.

नावाची भानगड

हे सगळ्यात आधी तपासा, आज, आत्ता, हा लेख वाचताना. दहावीचं सर्टिफिकेट, पदवीची शेवटच्या वर्षाची मार्कशीट, आधार कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला असेल तर तो, हे पाच कागद शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर वाचा. बोर्डाच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. आधारवर आपलं नाव आधी, आडनाव शेवटी. नुसता क्रम उलटा असेल तर सहसा कुणी अडवत नाही. पण एका ठिकाणी वडिलांचं नाव "ज्ञानेश्वर" आणि दुसऱ्या ठिकाणी "ज्ञानोबा", किंवा इंग्रजीत एका जागी डबल ए आणि दुसऱ्या जागी सिंगल, किंवा आधारवर वडिलांचं नावच नाही, हे पुढं नडतं. माणसाला ते कळतं, पण पोर्टलला कळत नाही. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, जिथं तुमचे क्रेडिट ऑनलाइन जमा होतात, त्याचा आयडी आणि स्कॉलरशिपचं महाडीबीटी पोर्टल दोन्ही आधारशी बांधलेलं, त्यामुळं तिथं नाव जुळलं नाही की फॉर्म पुढंच सरकत नाही.

लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. व्हेरिफिकेशनच्या टेबलावर एक ताई होत्या, सगळी फाईल नीट प्लास्टिकच्या फोल्डरात लावलेली, क्लार्कनी एकेक पान उलटत नेलं, आधारपाशी थांबले आणि परत मार्कशीटवर गेले, मग परत आधार. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मधला दुवा जोडणारा कागदच नाही. क्लार्क चांगले होते, म्हणाले ताई मॅरेज सर्टिफिकेट तरी दाखवा, तर ते गावाकडं कपाटात. शेवटी मिस्टरांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खालच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली आणि हमीपत्र लिहून देऊन त्या दिवसापुरतं भागलं. प्रत्येक टेबलावर असं भागेलच असं काही नाही. म्हणून नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि शक्य असेल तर राजपत्रातली नोंद, म्हणजे आपण गॅझेट म्हणतो ते, हातात ठेवा. गॅझेटचा अर्ज ऑनलाइन होतो पण छापून यायला वेळ जातो, ॲडमिशनच्या आठवड्यात ते होत नसतं.

आधारमध्ये दुरुस्ती करायची तर आताच करा. आणि आधारला लिंक असलेला मोबाईल नंबर चालू आहे ना ते बघा, निम्म्या पोरांचा आधारला वडिलांचा जुना नंबर असतो आणि ते सिम कधीच बंद झालेलं असतं, मग ओटीपी कुठं जातो ते देवालाच माहीत.

तहसीलचे दाखले

ज्यांना कॅटेगरीतून प्रवेश घ्यायचाय त्यांच्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

जातीचा दाखला तर लागतोच. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी (म्हणजे मराठा) यांना त्यासोबत चालू नॉन क्रीमी लेयर लागतं. एससी, एसटीला नॉन क्रीमी लागत नाही, कुणी सेतूवाला काढून देतो म्हणाला तर पैसे घालवू नका. नॉन क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते हे शंभरदा वाचून पण लोक विसरतात, दाखला काढला फेब्रुवारीत आणि ॲडमिशन आलं जुलैत, की तो दाखला गेला रद्दीत. काढतानाच तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद दिले तर तीन वर्षांसाठी मिळतं, ते काढा, एमएची दोन्ही वर्षं त्यात निघतात. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं सर्टिफिकेट मात्र दर आर्थिक वर्षाला नवीन, म्हणजे १ एप्रिलनंतरच काढायचं.

आणखी एक, राज्याचा आणि केंद्राचा फॉर्मॅट वेगळा असतो. पुणे विद्यापीठाला राज्याचा चालतो. नेट परीक्षेचा फॉर्म भरताना किंवा केंद्रीय विद्यापीठात जाताना केंद्राचा लागतो. एसईबीसीवाल्यांनी लक्षात ठेवा, हे आरक्षण २०२४ च्या राज्याच्या कायद्याचं, केंद्राच्या ठिकाणी ते धरत नाहीत, तिथं उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस बघा.

जात पडताळणी, म्हणजे आपली व्हॅलिडिटी. बारावी सायन्सच्या पोरांनी सीईटीसाठी काढलेली असते, आर्ट्सवाल्यांकडे नसते. प्रोफेशनल कोर्सला ती मागतातच. साध्या एमएला काय लागतं ते त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये बघा, पण नसेल तर अर्ज करून ठेवाच, कारण समितीकडं वेळ लागतो आणि पुढं नोकरीला लागणारच आहे. अर्ज केल्याची पावती सांभाळून ठेवा, काही वेळा तीही कामाला येते.

आता अर्ज कुठं. आपले सरकार पोर्टलवर स्वतः करता येतो, नाहीतर महा ई-सेवा केंद्र, सेतू आहेतच. जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी प्रांताधिकाऱ्यांच्या सहीनं येतं, उत्पन्नाचा तहसीलदारांच्या. उत्पन्नाला तलाठ्याचा अहवाल किंवा वडिलांचं पगारपत्रक, रेशनकार्ड, आणि हो, प्रतिज्ञापत्र. या दाखल्यांसाठी सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर स्वतः सही करून चालतं, त्यामुळं कुणी पाचशेचा स्टँप आणा म्हणालं तर शांतपणे विचारा की कुठल्या नियमानं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं असतं आणि पावतीवर तारीख येते. दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसीलला नुसती जत्रा असते, सर्व्हर झोपतो, सही करणारे साहेब मीटिंगला असतात. म्हणून एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जाऊन या. तेव्हा ऊन असतं पण रांग नसते.

डोमिसाईल, म्हणजे वय अधिवास राष्ट्रीयत्व, एकदाच काढायचं असतं, बारावीला काढलं असेल तर तेच शोधा. बाहेरच्या राज्यातल्या मराठी मुलांनी, म्हणजे बेळगाव, इंदूर, बडोदा इकडच्यांनी, हे समजून घ्या की महाराष्ट्राच्या आरक्षित जागा महाराष्ट्रातल्या दाखल्यावरच मिळतात, नाहीतर ओपनमधूनच यावं लागतं. गोव्याच्या मुलांचंही तेच.

टीसी, मायग्रेशन आणि तो एलिजिबिलिटी

टीसी देतं तुमचं आधीचं कॉलेज. मायग्रेशन देतं आधीचं विद्यापीठ, आणि ते फक्त विद्यापीठ बदलत असाल तरच लागतं. नाशिकच्या कॉलेजातून बीए केलं असेल तर तुम्ही आधीपासूनच पुणे विद्यापीठाचे, मायग्रेशनचा प्रश्नच नाही. बीड, लातूर, सोलापूर, अमरावती, जळगावकडून येत असाल तर लागणार.

कॉलेज टीसी देताना नो ड्यूज मागतं, लायब्ररीचं पुस्तक, लॅबची फोडलेली काचेची नळी, एनसीसीचा ड्रेस, सगळं. शेवटचा पेपर झाला की लगेच नो ड्यूजचा फॉर्म फिरवून घ्या, निकालानंतर कॉलेजात कुणी सापडत नाही. पण थांबा, टीसी काढायची घाई पण करू नका. ॲडमिशन नक्की झाल्याशिवाय टीसी काढली आणि तिकडं नंबर नाही लागला, तर त्याच कॉलेजात एमएला जायचं म्हटलं तरी परत फेऱ्या. म्हणून तयारी पूर्ण ठेवायची आणि लिस्ट लागली की काढायची. मायग्रेशनचं मात्र पदवीचा निकाल लागल्या लागल्या ऑनलाइन अर्ज टाका, ते पोस्टानं यायला वेळ जातो.

टीसी आणि मायग्रेशन ओरिजिनल जमा होतात आणि परत मिळत नाहीत, हे धरून चला. जमा करायच्या आधी दोन्हीचं रंगीत स्कॅन करून ठेवा, पुढं पीएचडीला किंवा कुठं नोकरीला कुणी विचारलं तर तेच हातात असतं. मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेटची गोष्ट वेगळी, युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की संस्थांनी ओरिजिनल बघून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. कुणी ठेवून घेत असेल तर नम्रपणे हे बोला आणि पावती मागा.

एलिजिबिलिटी म्हणजे विद्यापीठ तपासतं की तुमची पदवी मान्यताप्राप्त आहे आणि तुम्ही या कोर्सला पात्र आहात. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्यांचा फॉर्म आणि थोडी फी वेगळी असते. ॲडमिशन झालं म्हणून लोक हे विसरतात आणि मग सेमिस्टरच्या परीक्षेचा फॉर्म भरताना अडतात. ॲडमिशन झाल्यावर डिपार्टमेंटच्या ऑफिसला जाऊन एवढं एक वाक्य विचारायचं, "सर, माझा एलिजिबिलिटीचा फॉर्म गेला का?" बास.

मध्ये एक-दोन वर्षं एमपीएससी केलं असेल, घरी शेती बघितली असेल, तर गॅप सर्टिफिकेट. प्रतिज्ञापत्रच असतं ते, या काळात कुठंही दुसरीकडं प्रवेश घेतला नव्हता एवढंच त्यात लिहायचं. गॅपला कुणी नावं ठेवत नाही, कॅम्पसवर निम्मी पोरं गॅपवालीच असतात.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल रखडला तर घाबरू नका, हे दरवर्षीचंय. प्रोव्हिजनल प्रवेश मिळतो, ठराविक तारखेपर्यंत मार्कशीट आणून द्यायची हमी घेतात. इंटरनेट कॉपीवर प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन ठेवला तर अजून बरं. आणि तुमच्या विद्यापीठात सीजीपीए असेल तर टक्क्यांत रूपांतर कसं करायचं त्याचं पत्र किंवा मार्कशीटच्या मागचा फॉर्म्युला, त्याचीही झेरॉक्स.

प्रवेश परीक्षा

इथं फार लिहीत नाही. बहुपर्यायी प्रश्न असतात, थोडा भाग सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेचा, मोठा भाग विषयाचा. विषयाच्या भागाला बीएच्या तिन्ही वर्षांचा सिलॅबस परत एकदा चाळा, नुसतं शेवटचं वर्ष नको. बाहेरच्या विद्यापीठातल्यांनी पुणे विद्यापीठाचा त्या विषयाचा पदवीचा अभ्यासक्रम वेबसाईटवरून डाउनलोड करून आपल्याशी ताडून बघा, जो टॉपिक आपल्याला नव्हताच तो तेवढा वाचा. सिग्नेचर आणि फोटोची साईज आधी कमी करून ठेवा, शेवटच्या रात्री फॉर्म भरू नका. गेल्या वर्षीच्या तारखा धरून बसू नका, दर आठवड्याला साईटवर एक नजर. टेलिग्राम ग्रुपवरच्या "फायनल डेट" वर अजिबात विश्वास ठेवू नका.

ॲडमिशनच्या दिवशी काय घेऊन जायचं

दहावी, बारावी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, आधार, जातीचा दाखला, नॉन क्रीमी, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, गॅप असेल तर ते, एन्ट्रन्सचं स्कोअरकार्ड, फॉर्मची प्रिंट. सगळं ओरिजिनल, शिवाय तीन झेरॉक्स सेट, प्रत्येक पानावर स्वतःची सही करून, आणि आठ-दहा पासपोर्ट फोटो, मागं नाव लिहून. फाईल त्याच क्रमानं लावा ज्या क्रमानं फॉर्मवर यादी असते, टेबलावरचा माणूस खुश होतो आणि तुमचं काम दहा मिनिटांत उरकतं. पेन स्वतःचं, फेव्हिस्टिक पण ठेवा.

दोन गोष्टी घरूनच करून यायच्या. एक, एबीसी आयडी, बारा आकडी असतो, डिजिलॉकरवरून निघतो. पदवीला काढला असेल तर तोच, नवीन काढायचा प्रयत्न करू नका. दुसरी, अँटी रॅगिंगचं हमीपत्र, विद्यार्थ्याचं आणि पालकांचं, ते युजीसीच्या साईटवर ऑनलाइन भरायचं आणि ईमेलवर जो रेफरन्स नंबर येतो तो जपायचा. पीजीला कसलं आलंय रॅगिंग म्हणून हसू नका, तो नंबर नसेल तर फॉर्म परत येतो. हेल्पलाईनचा नंबर १८००-१८०-५५२२, सेव्ह करून ठेवायला काय जातंय.

फी भरताना ऑनलाइन ट्रान्झॅक्शन अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. स्क्रीनशॉट घ्या, बँकेचा मेसेज बघा, डिपार्टमेंटला सांगा, मग ठरवा. आणि दुसरीकडं नंबर लागण्याची शक्यता असेल तर प्रवेश रद्द केल्यावर किती फी परत मिळते ते भरायच्या आधी वाचा, युजीसीचा त्यावर नियम आहे आणि जितकं उशिरा रद्द कराल तितकं कमी परत येतं.

पैशांचं

कॅम्पसवर एमएची फी खासगी कॉलेजांच्या मानानं कमीच आहे, खरा खर्च पुण्यात राहण्याचा. त्यामुळं स्कॉलरशिप सोडू नका.

महाडीबीटीवर प्रत्येकाच्या खात्यानुसार योजना आहेत. एससीला पोस्ट मॅट्रिक, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. ओपन आणि ईबीसीवाल्यांना, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांना, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, मर्यादा आठ लाख. २०२४ पासून मुलींना शंभर टक्के फी माफ झाली हे ऐकून बऱ्याच मुली निर्धास्त असतात, पण ती व्यावसायिक कोर्सची गोष्ट आहे, साध्या एमएला तीच लागू होईल असं धरून चालू नका, डिपार्टमेंटच्या स्कॉलरशिप बघणाऱ्या माणसाला विचारा.

राहण्याखाण्यासाठी वेगळं मिळतं आणि हे लोकांना माहीतच नसतं. सरकारी वसतिगृहात नंबर नाही लागला तर एससीला स्वाधार, एसटीला स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, मराठा आणि ईबीसीसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये धरलेले आहेत. प्रत्येकाला मार्कांची, उत्पन्नाची, स्थानिक नसण्याची अट आहे, ती नीट वाचा. हप्ते कधी येतील याचा भरवसा मात्र नाही, त्यामुळं पहिल्या चार-पाच महिन्यांची सोय घरून करूनच निघा.

आणि इथं परत आधार आलंच. स्कॉलरशिपचे पैसे फॉर्ममध्ये टाकलेल्या खात्यात जातात असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही, जे खातं आधारला सीड, म्हणजे जोडलेलं आहे त्या खात्यात जातात, आणि सीड एकाच बँकेचं राहतं, जे शेवटचं केलं ते. कधी काळी कुठल्या तरी ॲपवर झिरो बॅलन्स खातं उघडलं असेल तर पैसे तिकडं जाऊन बसतात. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे.

फॉर्म भरला की संपलं नाही. प्रिंट आणि कागद डिपार्टमेंटला किंवा स्कॉलरशिप सेक्शनला नेऊन द्यायचे, त्यांनी लॉगिनमधून पुढं पाठवला तरच तो सरकतो. अर्ज "सेंड बॅक" झाला का ते पंधरा दिवसांनी बघत राहा. दुसऱ्या वर्षी रिन्युअल परत करावं लागतं.

कमवा आणि शिका ही योजना पण आहे विद्यापीठात, दिवसाचे काही तास काम, तासावर मानधन. श्रीमंत होत नाही कुणी, पण मेसचा खर्च बराच निघतो, आणि ऑफिसातली माणसं ओळखीची होतात ते वेगळं.

राहायचं कुठं

हॉस्टेलचा फॉर्म डिपार्टमेंटचं ॲडमिशन झाल्यावर भरायचा, वेगळा असतो, मेरिटनं लागतो. सगळ्यांना मिळत नाही. नाही मिळालं की पोरं मित्राच्या खोलीत चोरून राहतात, त्यांना कॅम्पसवर पॅरासाइट म्हणतात, तपासणी झाली की त्यांच्यासोबत ज्याची खोली आहे त्याचंही हॉस्टेल धोक्यात येतं. मैत्रीखातर कुणी बोलावलं तरी आठ-दहा दिवसांच्या वर राहू नका.

बाहेर बघायचं तर खडकी, बोपोडी, सांगवी इकडं थोडं स्वस्त पडतं, औंध, बाणेर, मॉडेल कॉलनी महाग. सदाशिव पेठ, नवी पेठ म्हणजे एमपीएससीवाल्यांचं राज्य, अभ्यासिका आणि मेस ढिगानं, पण रोज विद्यापीठाला जायला तिथून लांब पडतं. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं, घ्या सुरुवातीला, पूर्ण फ्लॅटच्या डिपॉझिटमध्ये पैसे अडकवू नका, वर्गातली चार माणसं ओळखीची झाली की मग एकत्र रूम करा. डिपॉझिट किती, किती महिने आधी नोटीस, पाणी कधी येतं, रात्री गेट किती वाजता बंद होतं, हे चार प्रश्न खोली बघतानाच विचारायचे. अकरा महिन्यांचा करार असेल तर तुमचं नाव त्यात घाला, निर्वाह भत्त्याच्या फॉर्मला भाडेकरार मागतात.

मेस लावायच्या आधी दोन-तीन ठिकाणी एकेक दिवस कूपनवर जेवून बघा. महिन्याचे पैसे भरल्यावर भाजीत पाणी वाढतं.

सुरुवातीचे आठवडे

कॅम्पस ४११ एकरांचा आहे, पहिल्या दिवशी चालून दमायला होतं. मेन बिल्डिंग म्हणजे जुना गव्हर्नरचा बंगला, चाफेकरांनी १८९७ ला प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या तेव्हा रँड इथल्याच समारंभातून परत चालला होता, गणेशखिंड रस्त्यावरून. हे फिरताना कुणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

आधी आयकार्ड, मग जयकर लायब्ररीचं कार्ड, या क्रमानं. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर, त्यांच्या नावाची लायब्ररी, परीक्षेच्या दिवसांत जागा पकडायला सकाळी लवकर यावं लागतं. कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा, नंतर गर्दी.

अभ्यासाचं एवढंच समजून घ्या की नवीन धोरणात दोन वर्षांची पीजी ८८ क्रेडिटची आहे, सेमिस्टरला २२. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती, दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट. पहिल्या वर्षानंतर सोडायची वेळ आली तर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. इंटर्नलला मोठं वजन असतं, त्यामुळं बीएसारखं शेवटच्या महिन्यात गाईड घेऊन बसलं तर जमत नाही. पेपर मराठीतून लिहिता येतो का ते तुमच्या डिपार्टमेंटला विचारा, पण वाचायला दिलेलं बरंचसं इंग्रजीच असतं. सुरुवातीला एक पान वाचायला अर्धा तास लागतो, सगळ्यांनाच लागतो, समोरचा इंग्रजीत प्रश्न विचारतोय म्हणजे त्याला सगळं कळलंय असं नसतं. सेमिनारमध्ये मराठीत प्रश्न विचारला तर सर-मॅडम मराठीतच उत्तर देतात, निदान मी तरी कुणाला हाकललेलं बघितलं नाही.

सीनियर शोधा, त्यांच्याकडं जुन्या नोट्स असतात आणि कुठल्या टेबलावर कुठला कागद जातो ते त्यांना पाठ असतं. डिपार्टमेंटच्या शिपायांशी आणि क्लार्कशी पहिल्या दिवसापासून नीट बोला, नाव विचारा, त्यांना वर्षभर तुमचे फॉर्म हाताळायचेत. आणि ती दाखल्यांची फाईल गावी परत पाठवू नका, परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिप, हॉस्टेल, सगळ्याला नोव्हेंबरपर्यंत तीच लागत राहते.